खड्डा कुठे आहे, ते आधी बघा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळी बरेच प्रश्न एकाच विषयावर आले: कुत्रा का उकरतो, आणि त्याचं करायचं काय? उत्तरं एक पशुवैद्यक आणि एक श्वानप्रशिक्षक यांनी मिळून दिली आहेत. जिथे दोघांचं पटलं नाही, तिथे तसं लिहिलं आहे.

प्रश्न : आमचा कुत्रा दीड वर्षाचा आहे. अंगणात दहा-बारा खड्डे करून ठेवलेत. बुजवले की दुसऱ्या दिवशी नवे तयार. ओरडलं की कान पाडून, मान खाली घालून बसतो. म्हणजे चूक कळते, तरी करतोच. हा हट्टीपणा म्हणायचा का?

हट्टीपणा नाही, आणि चूक कळते असंही नाही. मान खाली घालण्याचं आधी सांगतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी २००९ मध्ये हे तपासून पाहिलं होतं. कुत्र्यानं मनाई केलेली गोष्ट केली की नाही, यावर तो ‘अपराधी’ चेहरा ठरत नव्हता. मालक रागावला की नाही, यावर ठरत होता. काहीच न केलेला कुत्राही रागावल्यावर तसाच चेहरा करत होता. तुमचा कुत्रा खड्ड्याबद्दल शरमत नाही, तुमच्या आवाजाला घाबरतो. खड्डा सकाळी केला आणि तुम्ही संध्याकाळी ओरडलात, तर त्याच्या लेखी या दोन गोष्टींचा काही संबंध नाही. तो एवढंच शिकतो, की संध्याकाळी तुम्ही घरी आलात की जपून राहावं.

आता उकरण्याचं. ही एक सवय नाही, एकाच अवजारानं केलेली पाच-सहा वेगवेगळी कामं आहेत. कुत्र्याकडे पुढचे दोन पंजे, मांजरासारखी आत न जाणारी बोथट नखं आणि नाक एवढंच सामान. त्यावर तो गारवा शोधतो, बिळातला उंदीर काढतो, उरलेलं खाणं पुरतो, पिल्लांसाठी जागा करतो, कुंपणाखालून निसटतो, आणि काहीच नसेल तर वेळ घालवतो. लांडगे आणि कोल्हेही यातली बरीचशी कामं करतात. म्हणून ‘उकरणं कसं थांबवू’ याला एक उत्तर नसतं. आधी खड्डा बघावा लागतो.

सावलीत, भिंतीला किंवा झाडाच्या बुंध्याला लागून, बशीसारखा उथळ आणि कुत्र्याच्या अंगाएवढा खड्डा असेल, त्यात तो पोट टेकून पडत असेल, तर तो गारव्यासाठी. तोंड लहान पण खोल, उतरत गेलेला, मुळांच्या कडेनं किंवा एका रेषेत दोन-तीन खड्डे, आणि कुत्रा मधूनच थांबून नाक आत घालून जोरात श्वास घेतो, तर खाली काहीतरी जिवंत आहे किंवा होतं. मातीचा ढीग मागे उडालेला नसून वरची माती नाकानं दाबून सपाट केलेली दिसली, तर तिथे काहीतरी पुरलंय. सगळं उकरणं कुंपणाच्या किंवा फाटकाच्या बुडाशी असेल, तर त्याला बाहेर जायचंय. आणि भर उन्हात, कुठेही, कसेही, उथळ-खोल मिसळलेले, शेजारी एखादी चावलेली चप्पल किंवा पाण्याची नळी, तर तो कंटाळलाय. दीड वर्षाच्या कुत्र्याचे दहा-बारा खड्डे बहुधा या शेवटच्या जातीचे निघतात.

सात दिवस एका कागदावर चार गोष्टी लिहा: खड्डा कुठे, किती वाजता, तेव्हा घरी कोण होतं, आणि त्याआधी तो शेवटचा कधी फिरला. आठव्या दिवशी उत्तर तुमच्याच अक्षरात समोर असतं. कंटाळाच निघाला तर फेऱ्यांची लांबी वाढवण्याआधी फेऱ्यांचा प्रकार बदला. पट्टा ताणत अर्धा तास पळवण्यापेक्षा सैल, लांब पट्ट्यावर अर्धा तास त्याला हवं तिथे हुंगू दिलं तर तो जास्त दमतो. रोजच्या खाण्यातला निम्मा वाटा वाडग्यात न देता गवतात विखरून द्या. रोज दोनदा पाच-पाच मिनिटं काहीतरी शिकवा. दोन-तीन आठवड्यांत खड्डे कमी व्हायला हवेत. न झाले, तर कंटाळा हे कारण चुकलंय असं समजून कागद पुन्हा वाचा.

प्रश्न : आमच्याकडे डॅक्सहुंड आहे. शेजाऱ्यांकडचा टेरिअरही तसाच, मातीत नाक घातल्याशिवाय चैन नाही. या जातींना उकरू नको म्हणून शिकवता येतं का?

अजिबात उकरू नको, असं शिकवणं म्हणजे माशाला पोहू नको सांगणं. टेरिअर हे नावच लॅटिनमधल्या ‘टेरा’वरून, म्हणजे जमिनीवरून आलंय. जर्मनमध्ये ‘डाक्स’ म्हणजे बॅजर आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. बॅजर हा बिळात राहणारा, दणकट पंजांचा प्राणी. त्याच्या मागे बिळात शिरायचं, अंधारात एकट्यानं निर्णय घ्यायचा आणि वरच्या माणसांना कळावं म्हणून भुंकत राहायचं, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या हे कुत्रे निवडून जोपासले. हाक मारल्यावरही बिळाशीच अडून राहणारा कुत्रा तेव्हा गुणी ठरायचा. आज तुम्हाला जो ऐकत नाही असं वाटतं, तो तोच गुण.

डॅक्सहुंडाचे पाय आखूड असण्यामागे एफजीएफ ४ या जनुकाची एक जास्तीची प्रत असते, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. तीच प्रत कॉर्गी आणि बॅसेट हाउंडमध्येही आहे. पण कॉर्गी गुरं हाकणारा कुत्रा, आणि लांब पायांचे टेरिअरही तेवढ्याच हिरिरीनं उकरतात. तेव्हा आखूड पायांनी बिळात शिरणं सोपं झालं एवढंच. ओढ निवडीतून आली.

आणि ‘तिथे काहीच नाही, उगाच उकरतो’ असं म्हणताना जरा थांबा. माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. उंदरांची बरीचशी बडबड आपल्या कानापलीकडची असते. मान तिरकी करून, एक पंजा उचलून जमिनीकडे टक लावलेला कुत्रा दिसला, तर तो ऐकतोय.

उपाय एकच, पण नीट केला तर हमखास चालणारा: त्याला त्याची हक्काची जागा द्या. लहान कुत्र्याला १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर खोल हौद पुरतो. मध्यम किंवा मोठ्याला १.२ बाय १.८ मीटर आणि ६० सेंटिमीटर खोली लागते. जागा सावलीतली, पाणी न साचणारी हवी. तळाची जमीन पहारीनं सैल करा म्हणजे निचरा होईल. चारही बाजूंनी फळ्या लावा आणि त्या जमिनीच्या वर १५ सेंटिमीटर ठेवा. त्यानं माती बाहेर कमी येते आणि ‘इथपर्यंत माझं’ ही सीमा कुत्र्याला दिसते. डॅक्सहुंडासाठी एका बाजूची फळी जमिनीलगतच ठेवा. या जातीत मणक्यांमधल्या चकत्या सरकण्याचा धोका बराच जास्त, तेव्हा कडेवरून उडी मारावी लागू नये.

भरायला दोन भाग वाळू, एक भाग चाळलेली माती. नुसती कोरडी वाळू डोळ्यांत उडते आणि खड्ड्याचा आकार टिकत नाही. नुसती माती दोन पावसांत घट्ट बसते. लहान हौदालाही साधारण ६०० किलो माल लागतो. दोन गोण्यांत भागेल या हिशेबानं लोक सुरुवात करतात आणि गुडघाभर खोल अर्धवट खड्डा तसाच राहतो. तेव्हा आधी मोजा. भरल्यावर पाणी शिंपडा. मूठ वळली की सुटू नये, पण हाताला चिखल लागू नये, इतका ओलावा बरोबर.

आता शिकवणी. पहिल्या दिवशी त्याची दोन-तीन आवडती खेळणी त्याच्या देखत वाळूवर नुसती ठेवा. पंजा मारला की लगेच शाबासकी, एक-दोन सेकंदांच्या आत. दुसऱ्या दिवशी निम्मी पुरा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पूर्ण पुरा, पण वर ५ सेंटिमीटरच माती. आठवड्याअखेर १५ सेंटिमीटरपर्यंत जा आणि पुरताना तो आत घरात असू द्या. रोज दहा मिनिटं दोनदा. बाकी अंगणात उकरताना दिसला तर ओरडू नका. हाक मारा, हौदाकडे न्या, तिथे पटकन काहीतरी पुरा. हे दोन ते तीन आठवडे करावं लागतं आणि तोवर तो अंगणात एकटा सोडायचा नाही. एकटा सोडला की तो त्याला हवं ते शिकतो.

हे फसतं ते बहुधा तीन कारणांनी. हौद उन्हात असतो, वाळू सुकून जाते, किंवा पहिल्या उत्साहानंतर आत काही पुरलंच जात नाही. रिकाम्या हौदात चार दिवस काही सापडलं नाही की कुत्रा गुलाबांकडे वळतो. त्याचा दोष नाही. रोज नको, पण आठवड्यातून तीन-चारदा, अनियमितपणे काहीतरी मिळायला हवं. अनियमितपणाच त्याला परत आणतो.

इथे आमच्या दोघांत मतभेद आहे. पशुवैद्यकांना उघडी वाळू आवडत नाही, कारण मांजरं रात्री तिथे शी करतात आणि जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. प्रशिक्षकांचं म्हणणं, बाकी अंगणात तरी काय वेगळं आहे? तडजोड अशी: रात्री हौदावर ताडपत्री किंवा फळी टाका, विष्ठा दिसली की आजूबाजूच्या मातीसह खोऱ्यानं उचला, वाळू वर्षातून एकदा बदला, आणि लहान मुलांना त्यात खेळू देऊ नका.

प्रश्न : दुपारी कुत्रा खोलीच्या बाहेर भिंतीशी खड्डा करून पडतो. घरात गादी आहे, तरी मातीतच. का?

गादी गरम असते म्हणून. कुत्र्याला घाम जवळजवळ पंज्यांच्या तळव्यांनाच येतो. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो, आणि पोटावरचा विरळ केसांचा भाग गार जमिनीला टेकवून. वरची माती तापलेली असताना २०-३० सेंटिमीटर खालची चांगलीच गार आणि ओलसर असते. त्याचं गणित बरोबर आहे. हस्की, मॅलम्यूट यांसारखे थंड प्रदेशातले दाट केसांचे कुत्रे हेच उलट करतात: बर्फात खड्डा करून, शेपूट नाकावर घेऊन, अंगाची ऊब आत धरून झोपतात.

त्याला खड्डा करू द्या. फक्त तो कुठे करायचा हे तुम्ही ठरवा. भिंतीच्या पायाशी नको असेल तर सावलीत दोन फूट वाळू ओली करून ठेवा. किंवा १५-२० सेंटिमीटर उंचीची, जाळीदार कापडाची बाज द्या, म्हणजे खालून वारा खेळतो. पाण्याची दोन भांडी दोन ठिकाणी ठेवा, एक सांडलं तरी दुसरं राहतं.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. धाप थांबत नाही, हिरड्या गडद लाल, तोंडाला चिकट लाळ, पाय लटपटतायत, असं दिसलं तर हा गारव्याचा खड्डा नाही, उष्माघात आहे. आधी तिथेच अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, आणि मग ओल्या अंगानंच दवाखान्यात न्या. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो लगेच तापतो आणि उष्णता आत अडकते.

प्रश्न : चघळायचं हाड दिलं की आमची कुत्री ते घेऊन घरभर फिरते, कण्हते, आणि शेवटी सोफ्याच्या उशीत खुपसते. वर नाकानं काहीतरी ढकलत राहते. हे काय आहे?

पुरतेय. माती नाही, पण हालचाल तीच आहे. जवळून पाहा: उशीच्या कडेनं नाक जमिनीला समांतर ठेवून ती छोटे-छोटे धक्के देते, बाजूनं एक, मग समोरून एक, आणि मधे थांबून वास घेते. नसलेली माती ती हाडावर लोटतेय. खणायला पंजे आणि झाकायला नाक, ही विभागणी कोल्ह्या-लांडग्यांतही अशीच आहे. शिकार रोज मिळत नाही, मिळाली की एका वेळी संपत नाही, आणि उघड्यावर राहिली तर पक्षी आणि माश्या खातात. म्हणून पुरायची. पोट भरलेल्या घरातल्या कुत्रीला याची गरज नाही, पण जास्तीचं काही हातात आलं की ते यंत्र आपोआप सुरू होतं.

ती कण्हते कारण जागा पसंत पडत नाही, किंवा कुणीतरी बघतंय. फार लक्ष देऊ नका, हसत मागे फिरू नका. एका वेळी एकच वस्तू द्या, जेवणानंतर लगेच नको, आणि दोन कुत्री असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं परत घ्यायचं असेल तर हिसकावू नका. त्याहून आवडीचं काहीतरी पुढे करून अदलाबदल करा. हिसकावलेली वस्तू पुढच्या वेळी जास्त खोल पुरली जाते, किंवा दात दाखवून राखली जाते. नाकाचा शेंडा सोलवटला असेल तर आठवडाभर अशी वस्तू बंद ठेवा. शिजवलेलं हाड तर कधीच नको, त्याच्या अणकुचीदार फाका होतात.

एक खूण मात्र वेगळी. रोजचं नेहमीचं जेवणच खायचं सोडून ती लपवायला लागली, तर दात दुखतोय किंवा मळमळतंय असं समजा आणि तपासून घ्या.

प्रश्न : आमची कुत्री दोन महिन्यांपूर्वी माजावर आली होती. मिलन झालेलं नाही. आता ती कपाटाखाली फरशी उकरते, कपडे गोळा करते, एक मऊ खेळणं घेऊन बसते आणि जवळ गेलं की गुरगुरते.

ही खोटी गाभणावस्था. कुत्रीच्या शरीरात माजानंतर, गाभ राहो न राहो, प्रोजेस्टेरॉन हे गाभणकाळाचं संप्रेरक साधारण दोन महिने वाढलेलं राहतं. ते उतरताना प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक वाढतं आणि शरीर पिल्लं होणार असल्यासारखं वागू लागतं. घरटं करणं, कोनाडा उकरणं, खेळण्याला पिल्लू मानणं, कधी आचळांत दूधही येणं. माजानंतर सहा ते नऊ आठवड्यांनी हे दिसतं आणि बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतं.

तोपर्यंत आचळं दाबू नका, पिळू नका, शेकू नका. त्यानं दूध वाढतं. ती स्वतः चाटत असेल तर गळ्यात शंकूचा पट्टा घाला. खेळणी ती फिरायला गेली असताना हळूच दूर करा, तिच्यासमोर ओढून नाही. फेऱ्या वाढवा. त्रास फार असेल तर प्रोलॅक्टिन उतरवणारं औषध पशुवैद्यक देऊ शकतात. नसबंदी करायचीच असेल तर हे सगळं पूर्ण शांत झाल्यावर करा, मधेच केली तर लक्षणं लांबू शकतात.

याच काळात गर्भाशयात पू होण्याचा आजारही होतो, आणि तो जिवावर बेततो. फार पाणी पिणं, मलूल पडणं, उलट्या, खालून घाण वासाचा स्राव, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. स्राव नसला म्हणून निश्चिंत राहू नका.

खरंच गाभण कुत्रीही असंच उकरते. गाभणकाळ सरासरी ६३ दिवसांचा. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा गुदद्वारात थर्मामीटर लावून नोंद ठेवलीत, तर तापमान ३७.२ अंशांच्या खाली उतरलं की बहुधा २४ तासांत ती विते. तिला फाडायला, उकरायला जुनी चादर द्या, खेकसू नका.

प्रश्न : कुंपणाखालून खणून कुत्रा तीन वेळा बाहेर गेला. विटा लावल्या, तर विटांच्या शेजारून खणतो.

विटांचा उपाय म्हणजे त्याला पुढच्या खड्ड्याची जागा दाखवणं. जाळी आडवी टाका. कुत्रा कुंपणाच्या अगदी बुडाशी उकरायला लागतो. तिथेच पंज्याखाली जाळी लागली तर तो कडेला सरकून पाहतो, पण दोन फूट मागे जाऊन तिथून बोगदा काढावा, हे त्याला सहसा सुचत नाही. याच एका गोष्टीवर हा उपाय उभा आहे.

९० सेंटिमीटर रुंदीची, वेल्ड केलेली, जस्ताचा मुलामा असलेली जाळी घ्या. तार सुमारे २ मिलिमीटर जाडीची, चौकोन २.५ ते ५ सेंटिमीटरचे. पिल्लू किंवा लहान कुत्रा असेल तर २.५ चेच, पंजा अडकू नये म्हणून. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ षटकोनी जाळी दणकट कुत्रा महिन्याभरात फाडतो. जाळी लांबीच्या रेषेत काटकोनात वाकवा: ३० सेंटिमीटर कुंपणावर उभी, ६० सेंटिमीटर आतल्या बाजूला, म्हणजे कुत्र्याच्या बाजूला, जमिनीवर आडवी. उभा भाग दर २०-३० सेंटिमीटरवर तारेनं बांधा. आडवा भाग दर अर्ध्या मीटरला यू आकाराच्या, १५-२० सेंटिमीटर लांब खिळ्यांनी जमिनीत ठोका. दोन तुकडे जोडताना १५ सेंटिमीटर एकावर एक घ्या. तारेची सगळी टोकं खाली वळवा, ही पायरी चुकवलीत तर पुढचा खर्च टाक्यांचा. वर ५ सेंटिमीटर माती टाका, गवत त्यातून उगवून येतं आणि ते जाळी खिळ्यांपेक्षा घट्ट धरून ठेवतं.

फाटक विसरतात. चारही बाजूंना जाळी झाली की कुत्रा फाटकाखालीच जातो. तिथे ४५-६० सेंटिमीटर रुंदीची फरशी किंवा काँक्रीटची पट्टी ओता. जाळी उभी, सरळ खाली गाडण्याचा उपायही लोक करतात. त्याला ६० सेंटिमीटर चर खणावा लागतो, आणि जिद्दी कुत्रा त्याहून खाली जातो. मेहनत दुप्पट, खात्री निम्मी.

पण जाळी मारण्याआधी तो का जातोय ते बघा. नसबंदी न झालेला नर असेल आणि आसपास कुत्री माजावर असेल, तर पुढचे तीनेक आठवडे त्याला दुसरं काही सुचणार नाही. नसबंदीनं भटकणं बऱ्याच नरांत कमी होतं, पण संप्रेरकं उतरायला काही आठवडे लागतात. दुसऱ्या दिवशी फरक शोधू नका. फटाके किंवा गडगडाटानंतरच जात असेल तर ती भीती आहे, आणि त्या दिवशी त्याला घरात, मधल्या खोलीत ठेवणं हाच उपाय.

तुम्ही बाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच तो खणत असेल, सोबत रडणं, लाळ गाळणं, दाराची चौकट ओरबाडणं असेल, तर एकटं राहण्याची भीती धरा. फोनचा कॅमेरा लावून ठेवा आणि बघा. अशा कुत्र्याला जाळीनं अडवलं तर तो थांबत नाही, नखं उखडेपर्यंत ओरबाडत राहतो. तिथे काम वेगळं असतं: एक मिनिट, मग दोन, मग पाच, तो शांत राहील इतकाच वेळ एकटं ठेवत वाढवत जायचं, आणि गरज पडली तर पशुवैद्यकांकडून औषधाची जोड घ्यायची. विजेचा झटका देणारे पट्टे आणि तारा यांना आमचा दोघांचाही ठाम विरोध आहे. घाबरलेल्या कुत्र्याला आणखी घाबरवून काही साधत नाही.

प्रश्न : नवीन रोपं लावली की नेमकी तीच उपटतो. मातीवर तिखट टाकलं तर चालेल का?

नको. ते नाकात आणि पंज्यांवरून डोळ्यांत जातं, आणि एका पाण्यात वाहूनही जातं. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्या विषारी आहेत.

नवीन वाफाच का? खुरप्यानं माती हलवली की ती मऊ होते आणि खालचा वास वर येतो. त्यात तुम्ही हाडांचा चुरा किंवा रक्ताचं खत मिसळलं असेल, तर त्याच्या दृष्टीनं तुम्हीच खाली काहीतरी पुरलंय. हाडांचा चुरा जास्त खाल्ला तर पोटात सिमेंटसारखा गोळा होतो. एरंडीची पेंड त्याहून वाईट: तिच्यात रायसिन हे विष असतं, कुत्र्यांना तिची चव आवडते, आणि उलट्या, रक्ताचे जुलाब सुरू व्हायला काही तास लागतात. पोटात गेल्याचा संशय आला तरी लक्षणांची वाट पाहू नका. बागेत कुत्रा असेल तर एरंडीची पेंड आणूच नका. गोगलगायींवरच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांनाही हेच लागू.

वाफ्यात ३ ते ५ सेंटिमीटर खाली जाळी आडवी पसरा, रोपांपुरती भोकं कापा, टोकं खाली वळवा. मोठ्या झाडांच्या बुंध्याशी सपाट दगड निम्मे गाडा. पहिले दोन-तीन आठवडे तात्पुरतं कुंपण. मुळं धरली आणि माती बसली की त्याचा रस बराच ओसरतो.

उंदीर-घुशींच्या मागे वाफे उकरत असेल आणि कुणी उंदरांचं औषध टाकलं असेल, तर सावध राहा. रक्त न गोठू देणाऱ्या विषाची लक्षणं तीन ते पाच दिवसांनी दिसतात, तोवर कुत्रा ठणठणीत वाटतो. वेष्टन सोबत घेऊन लगेच दवाखान्यात जा. या प्रकारच्या विषावर व्हिटॅमिन के १ हा उतारा आहे, पण तो वेळेत हवा.

प्रश्न : लघवी केल्यावर मागच्या पायांनी माती उडवतो. झाकतो का?

नाही, उलट. झाकायचं असतं तर नेम धरला असता. ही जाहिरात आहे: पंज्यांच्या तळव्यांचा वास मातीला लागतो आणि ओरखडे लांबून दिसतात. खणण्याशी याचा संबंध नाही. गवत खराब होतं म्हणून थांबवायचं असेल तर लघवी झाल्याबरोबर हाक मारून दोन पावलं पुढे चला.

प्रश्न : आमचा कुत्रा बारा वर्षांचा. कधी उकरायचा नाही, आता रात्री उठून गादी आणि भिंतीचा कोपरा उकरतो.

तरुण कुत्रा झोपण्याआधी गादी चार-सहा वेळा उकरून, गिरकी घेऊन आडवा होतो, ते नेहमीचं. म्हाताऱ्या कुत्र्यानं नव्यानं सुरू केलं तर आधी सांधेदुखी धरा. कुठल्याही कुशीवर बरं वाटत नाही म्हणून तो जागा ‘दुरुस्त’ करत राहतो. कोपऱ्यात तोंड करून उकरणं, दिवसा झोप आणि रात्री येरझारा, ओळखीच्या खोलीत अडकल्यासारखं उभं राहणं, घरात लघवी, हे सोबत असेल तर मेंदूचं वार्धक्य असू शकतं. दोन्हींवर उपचार आहेत. दोन-तीन रात्रींचं मोबाइलवर चित्रण करून ते पशुवैद्यकांना दाखवा. दवाखान्यात तो हे करून दाखवणार नाही. तोवर जाड, न घसरणारी गादी द्या आणि रात्री मंद दिवा ठेवा.

प्रश्न : उकरता उकरता माती खातो. चालतं का?

तोंडात चिमूटभर जाणं वेगळं, चाटून-चाटून खाणं वेगळं. खात असेल तर ओठ उचलून हिरड्या बघा. गुलाबीऐवजी फिकट असतील तर रक्तक्षय असू शकतो, आणि त्याचं एक मोठं कारण हूकवर्म, म्हणजे आतड्यात रक्त पिणारा जंत. त्याच्या अळ्या मातीतून पंज्याच्या कातडीवाटेही शिरतात. शौचाची तपासणी करून घ्या. पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी, मग सहा महिन्यांचं होईपर्यंत दरमहा जंताचं औषध लागतं. मोठ्या, उकरणाऱ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी, मात्रा वजनावरून पशुवैद्यक ठरवतील. लेप्टोस्पायरोसिसची लसही विचारून घ्या, उंदरांच्या लघवीनं दूषित ओल्या मातीतून तो रोग येतो.

उकरणाऱ्या कुत्र्याचे पंजे रोज संध्याकाळी कोमट पाण्यात बुडवून, बोटांच्या मधली माती काढून, कोरडे पुसा. नखाचा तुकडा पडून रक्त येत असेल तर स्वच्छ कापड पाच मिनिटं न उचलता दाबून धरा. सारखं उचलून पाहिलं की गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. दहा मिनिटांतही थांबलं नाही, किंवा नख मुळाशी लोंबत असेल, तर दवाखान्यात न्या. लोंबतं नख घरी ओढून काढू नका.